दोन नावांचा परतावा

माझी मुलगी सव्वादोन वर्षांची होती तेव्हा मी तिला सांगलीला थोरल्या जावेकडे ठेवून ग्लासगोला आले. नवरा आधीपासून इथं पीएच.डी. करत होता. त्याची स्कॉलरशिप एका माणसाला जेमतेम पुरायची, ती दोघांनी ओढूनताणून पुरवायची असं ठरलं होतं. तिसऱ्याचा व्हिसा मागायचा तर बँकेत तिघांपुरती रक्कम दाखवावी लागायची, आणि ती आमच्याकडे नव्हती. म्हणून मी आधी यायचं, मिळेल ते काम धरायचं, पैसे साठवायचे आणि सहा महिन्यांत मुलीला आणायचं, असा बेत. बेत सांगताना आम्ही दोघं इतके शहाणे दिसत होतो की सासऱ्यांनीसुद्धा मान डोलावली.

सहा महिन्यांचं वर्ष होत आलं. मी काम करत होते, पोटाला चिमटा घेत होते, हिवाळ्यात हीटर न लावता दोन स्वेटर घालून बसत होते, तरी बँकेतला आकडा पाहिजे तिथं पोचत नव्हता. कारण माझ्या एवढ्याशा पगारातून दर वेळी टॅक्स कापला जायचा. एवढ्या कमी पगारावर इथं टॅक्स लागतच नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला वाटायचं, साहेबाचा देश आहे, श्वास घेतला तरी टॅक्स लागत असेल.

तो टॅक्स माझ्या नावामुळे कापला जात होता. नावामुळे म्हणण्यापेक्षा नावांमुळे. माझी नावं दोन आहेत. एक वडिलांनी ठेवलेलं, फुलाचं. दुसरं सासूबाईंनी निवडलेलं, नदीचं. ते लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सांगलीत याची कुणाला कधी अडचण झाली नाही. माहेरी मी फूल, सासरी नदी. पासपोर्ट लग्नाआधी काढलेला, म्हणून त्यावर फूल. गॅझेटमध्ये नाव बदलून घ्यायचं राहूनच गेलं, जसं ते आमच्याकडं निम्म्या बायकांचं राहतं.

ग्लासगोत पहिलं काम मिळालं ते एका हॉटेलात खोल्या साफ करायचं. सुपरवायझरनं विचारलं, तुला काय हाक मारायची? मी नदी सांगितली. या गावात मला हाक मारणारा एकच माणूस होता, नवरा, आणि तो त्याच नावानं मारायचा. ते नाव छातीवरच्या बिल्ल्यावर गेलं आणि बिल्ल्यावरून पगाराच्या कागदावर. सरकारी नंबर नाही म्हणून तिथंही टॅक्स कापायचे. ज्यावर इथं टॅक्सचा हिशोब चालतो तो विम्याचा सरकारी नंबर मला बऱ्याच महिन्यांनी मिळाला, तो पासपोर्टावरच्या फुलाच्या नावानं. तोवर मी हॉटेल सोडून एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत लागले होते. तिथं पासपोर्ट दाखवला, फूल लिहिलं गेलं. जुन्या नोकरीचा पी फॉर्टी फाइव्ह, म्हणजे नोकरी सोडताना देतात तो टॅक्सचा कागद, तोही दिला. ऑफिसातल्या बाईनं तो वाचला आणि मला परत केला.

‘‘हा तुझा नाही,’’ ती म्हणाली. ‘‘दुसऱ्या कुणाचा तरी आहे.’’

मी म्हटलं, माझाच आहे. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी तो कागद पर्समध्ये टाकला. मग त्यांनी माझ्या पगारावर पहिल्या पौंडापासून टॅक्स लावला. ज्याचा आगापिछा माहीत नाही त्याला इथं असाच लावतात.

पैसे परत मिळू शकतात हे मला कळलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवात. इथल्या मराठी मंडळाच्या बायकांनी चर्चचा हॉल भाड्यानं घेतला होता. त्यातल्या एकीनं वाण म्हणून सगळ्यांना बॉलपेनं वाटली. पेनावर तिच्या नवऱ्याच्या ऑफिसचा फोन नंबर होता आणि ‘टॅक्स रिफंड’ असं सोनेरी अक्षरात छापलेलं होतं. माझ्या कपाळाला कुंकू लावत ती म्हणाली, ‘‘तुमचा कापतात ना? सगळ्या स्टुडंट फॅमिलीजचा कापतात. एप्रिलमध्ये वर्ष संपलं की ह्यांच्याकडे या. आपलाच माणूस आहे.’’ वाणात पेन मिळालेली मी बहुधा पहिलीच सुवासिनी. पण त्या पेनानं मला आशा लावली, हे खोटं कशाला बोलू.

आणि त्या आशेची मला फार गरज होती. सांगलीचे फोन दिवसेंदिवस छोटे होत चालले होते. सुरुवातीला मुलगी फोनवर रडायची. मग गाणी म्हणून दाखवायची. मग नुसतं ‘हां, हां’ करायची. मार्चमध्ये एकदा जाऊबाईंनी फोन तिच्या कानाला लावला, तेव्हा लांबून तिचा आवाज आला, ‘‘मी खेळतेय ना!’’ जाऊबाई हसल्या. मीही हसले. कॉलिंग कार्डावर मिनिटं शिल्लक होती आणि बोलायला कुणी नव्हतं.

जाऊबाईंना मूल नव्हतं. त्या माझ्या मुलीला इतका जीव लावत होत्या की त्यांचे पाय धरावेसे वाटायचे, आणि त्याच वेळी मला त्यांचा हेवा वाटायचा. त्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘अगं, तुमचं तिथलं सगळं नीट बसू दे आधी. जूनमध्ये बालवाडीत घालते मी तिला. राहू दे की इथंच. तिला काय कळतंय?’’

त्यात काहीही वाईट नव्हतं. पण मी घाईनं फोन ठेवला. मी कोण ते तिला कळेनासं होण्याआधी मला तिला आणायचं होतं.

त्याच सुमारास नवऱ्याच्या मित्राची आई ऑक्टोबरात एडिनबराला येणार असं ठरलं. मुलीला सोबत आणायला त्या कबूल झाल्या. आमच्यापैकी कुणी जाऊन तिला घेऊन यावं एवढी ऐपत नव्हती, म्हणजे ही एकच संधी. ऑक्टोबरच्या आधी व्हिसा, व्हिसाच्या आधी बँकेत रक्कम. आणि त्या रकमेत जेवढे कमी पडत होते, ते जवळजवळ तेवढेच पैसे टॅक्स म्हणून माझ्या पगारातून गेले होते. एप्रिल लागताच मी पेनावरचा नंबर फिरवला.

ऑफिस म्हणजे किराणा दुकानाच्या वरची एक खोली. दारावर इंग्रजीत टॅक्स रिफंड आणि खाली शुभ-लाभ. ‘‘या, या वहिनी,’’ तो म्हणाला आणि माझ्यासमोर चहा आणि चिवड्याची बशी ठेवली. परक्या माणसानं वहिनी म्हटलं की आपल्याला भाऊजी म्हणावं लागतं, आणि भाऊजींना फी विचारायची कशी? किराणावाल्याला भाव विचारता येतो. भाऊजींचा चिवडा खाऊन ‘तुमचे किती झाले’ म्हणायला जीभ रेटत नाही. त्याचा सगळा धंदा या एका शब्दावर चालला होता, हे मला बशी अर्धी झाल्यावर उमगायला लागलं.

मी सगळं सांगितलं, दोन्ही नावांसकट. तोवर घराबाहेरच्या कुणाला हे मराठीत सांगताच आलं नव्हतं. तो मान डोलवत राहिला.

‘‘वहिनी, तुमची केस जरा कॉम्प्लिकेटेड आहे,’’ तो म्हणाला. ‘‘टॅक्स ऑफिसच्या पॉइंट ऑफ व्ह्यूनं या दोन लेडीज आहेत. सो आपण दोन क्लेम टाकू. इथं एका नावानं सही करा, इथं दुसऱ्या.’’ त्यानं दोन कागद पुढे सरकवले आणि त्यावर ते सोनेरी अक्षरांचं पेन ठेवलं.

‘‘पैसे कुठं येणार?’’

‘‘आमच्या अकाउंटला. मग आम्ही तुम्हाला चेक देतो. फी कापून.’’

मी चहाचा घोट घेतला आणि सगळं धैर्य गोळा करून विचारलं, ‘‘फी किती, भाऊजी?’’

‘‘ते काय हो, घरचंच काम आहे. स्टँडर्ड पर्सेंटेज.’’ मी हलले नाही, तेव्हा त्यानं सांगितलं. रिफंडच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. वर फाइल उघडायचा चार्ज. तो प्रत्येक क्लेमला वेगळा.

‘‘म्हणजे दोनदा?’’

‘‘दोन लेडीज आहेत ना,’’ तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदाला हसला.

माझं डोकं फिरलं. ‘‘भाऊजी,’’ मी म्हटलं, ‘‘मी जेवायला बसले की दोन ताटं मागत नाही. खोल्या साफ केल्या त्या दोनच हातांनी केल्या. फीच्या वेळेलाच बऱ्या दोन बायका दिसल्या तुम्हाला!’’

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. आवाज खाली आणून तो म्हणाला, ‘‘वहिनी, मनावर घेऊ नका. इथली सिस्टिम तुम्हाला माहीत नाही. स्वतः जाल तर ते पहिल्यांदा विचारतील, ही बाई दोन नावांनी काम का करते? इट लुक्स लाइक फ्रॉड. उद्या व्हिसावर आलं म्हणजे? तुमच्या मिस्टरांची पीएच.डी. आहे. विचार करा.’’

माझी पाचावर धारण बसली. व्हिसा हा शब्द त्या काळात आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारायचा नाही. मी कागद उचलले आणि ‘ह्यांना विचारते’ म्हटलं. बायकांना ही एक सोय आहे, नवऱ्याला विचारते म्हटलं की कुणी अडवत नाही.

विचारलं तर नवरा म्हणाला, सही कर.

‘‘फी देऊन उरलेल्यात भागत नाही,’’ मी म्हटलं.

‘‘कमी पडतील ते उसने घेऊ.’’

‘‘कुणाकडून?’’

आमच्या ओळखीतली सगळी माणसं आमच्यासारखीच, महिनाअखेरीला ब्रेड मोजून खाणारी. मी म्हटलं, मग मी स्वतः जाते टॅक्स ऑफिसात. त्यावर तो एकदम उसळला. ‘‘आणि फ्रॉड म्हणाले तर? मुलगी राहिली बाजूला, आपल्या दोघांनाच विमानात बसवतील.’’ त्याचंही खोटं नव्हतं. तो घाबरला होता आणि मी त्याच्याहून जास्त घाबरले होते. पण भीतीला वाट मिळाली की माझ्या तोंडातून ती भांडण होऊनच बाहेर पडते. मी त्याला नाही नाही ते बोलले. नाव तू बदललंस, तांदळात तू लिहिलंस, माझं चांगलं नाव होतं.

‘‘मी नाही, आईनं सांगितलं होतं.’’

‘‘मग बोलव आईला टॅक्स ऑफिसात!’’

दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ते कागद ओट्यावर पडून होते. मी पोळ्या लाटताना त्यांच्याकडं बघायचे. सही केली तर मूल येत नाही, कारण पैसे पुरत नाहीत. सही न करता गेले आणि काही बिनसलं तर सगळंच संपलं. दोन्हीकडून मीच मरत होते. शेवटी मी गेले ते धाडसानं नाही. दुसरीकडं मूल न येण्याची खात्री होती, इकडं निदान खात्री नव्हती, म्हणून गेले.

पिशवीत सगळं भरलं. पासपोर्ट, पगाराच्या चिठ्ठ्या, तो परत आलेला पी फॉर्टी फाइव्ह आणि लग्नाचा अल्बम. लाँड्रीतली सकाळची पाळी संपवून तशीच गेले, हाताला साबणाचा वास होता. टॅक्स ऑफिसात तेव्हा खिडकीपाशी बसून माणसाशी बोलता यायचं. खिडकीमागं माझ्या आईच्या वयाची बाई होती. ‘‘काय हवंय, हेन?’’ ती म्हणाली. इथं लाडानं असं म्हणतात हे मला पुढं कळलं. तेव्हा वाटलं, ही मला कोंबडी म्हणाली, आणि मी इतकी भेदरलेली होते की मला ते पटलंसुद्धा.

‘‘मला रिटर्न भरायचा आहे,’’ मी पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं.

‘‘तुझा स्वतःचा धंदा आहे?’’

‘‘नाही. वृद्धाश्रमात कपडे धुते.’’

‘‘मग रिटर्न कशाला?’’

मी गोंधळले. माझे वडील शाळामास्तर. दर वर्षी शाळेनं दिलेला फॉर्म सोळा घेऊन ते रिटर्न भरणाऱ्या काकांकडे जायचे, काका त्यावर काय काय लिहायचे आणि मग कापलेले पैसे परत यायचे. आमच्या घरात पैसे परत येणं म्हणजेच रिटर्न, आणि रिटर्न म्हटलं की मध्ये एक माणूस आलाच. देश बदलला तरी माझ्या डोक्यातले काका हलले नव्हते. मी अडखळत म्हटलं, माझे कापलेले पैसे मला परत हवेत.

‘‘म्हणजे रिफंड,’’ ती म्हणाली. ‘‘मग तसं म्हण ना. पगारदाराला त्यासाठी रिटर्न लागत नाही. चुकून जास्त कापला असेल तर आम्हाला सांगायचं, आम्ही बघतो.’’

‘‘आणि फी?’’

‘‘कसली फी?’’

‘‘तुमची.’’

तिनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी तिला किराणा दुकानावरच्या खोलीबद्दल सांगितलं. ती सुस्कारा टाकून म्हणाली, तो माणूस कागद भरतो, पाकिटात घालतो आणि इथंच पोस्टानं पाठवतो. ज्या रांगेत तू आज उभी आहेस, त्याच रांगेत त्याचं पाकीट असतं.

मला आनंद व्हायला हवा होता. पण नावांचं सांगायचं राहिलं होतं. मी अल्बम उघडला आणि तांदळाच्या ताटाचा फोटो काचेला टेकवला. हे माझं नवीन नाव, हे माझ्या नवऱ्याचं बोट, ही त्याची अंगठी. तिनं शेजारणीला बोलावलं. दोघी वाकून बघत राहिल्या.

‘‘नंतर हा भात शिजवता?’’ शेजारीण म्हणाली.

मला उत्तर माहीत नव्हतं. त्या तांदळाचं पुढं काय झालं हे मला आजही माहीत नाही. मी एकदम रडायला लागले. रडता रडता म्हटलं, मी फ्रॉड नाही, मला मुलीला आणायचं आहे, माझा व्हिसा रद्द करू नका.

‘‘अगं बाई, तू टॅक्स जास्त भरलायस,’’ खिडकीतली म्हणाली. ‘‘जास्त भरला म्हणून आम्ही कुणाला पकडत नाही. इथंही बायका लग्नानंतर आडनाव बदलतात. पहिलं नाव बदललेलं मात्र मी आज पहिल्यांदा बघतेय.’’ मग तिनं साधं सांगितलं. फोटो चालणार नाही. हॉटेलनं पत्र द्यायचं, की या नावानं काम करणारी बाई हीच, हिचा पासपोर्ट आणि जन्मतारीख ही. ते आलं की दोन्ही खाती एक करता येतील. ‘‘पण वेळ लागेल,’’ ती म्हणाली. किती, हे तिनं सांगितलं नाही.

हॉटेल मी ऐन ख्रिसमसच्या गर्दीत सोडलं होतं, कारण लाँड्रीची जागा तेव्हाच रिकामी झाली होती. सुपरवायझरला त्याचा विसर पडणं शक्य नव्हतं. मागच्या दारी चादरींच्या ट्रॉलीशी ती मला भेटली आणि मी तोंड उघडायच्या आत तिनं मला झाडलं. माझ्यामुळे तिला ख्रिसमसला स्वतः खोल्या साफ कराव्या लागल्या होत्या. एरवी मी एका शब्दाला चार शब्द परत दिले असते. त्या दिवशी हात जोडले, देवळात जोडतात तसे. येणारे-जाणारे बघत होते. मला लाज वाटली नाही. लाज वाटायला जागाच उरली नव्हती.

‘‘मंगळवारी ये,’’ ती म्हणाली. मंगळवारी गेले तर तिची सुट्टी. मग पगाराचं काम बघणारा सुट्टीवर. मग पत्र मिळालं, पण त्यात फुलाच्या स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालेलं. ते परत करून दुसरं मागताना ती मला मारते की काय असं वाटलं. दिलं मात्र. पत्र खिडकीत पोचेपर्यंत जून उजाडला होता आणि सांगलीत मुलगी बालवाडीत जायला लागली होती.

मग नुसती वाट बघणं. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तरी तोच मला सगळ्यात जास्त आठवतो. कामावरून आलं की दाराच्या फटीतून आत पडलेली पत्रं उचलायची. गॅसचं बिल, पिझ्झाची जाहिरात. लाँड्रीत म्हाताऱ्यांच्या कपड्यांना आतून नावाची पट्टी शिवलेली असते, म्हणजे कुणाचं कुणाला जाऊ नये. पट्ट्या वाचून ढीग लावताना मला उगीच वाटायचं की माझ्या मुलीच्या फ्रॉकला असं काही शिवून यायला हवं होतं. असले विचार यायला लागले की मी मशीनचा आवाज ऐकत उभी राहायचे.

भाऊजींचा फोन आला. ‘‘वहिनी, काय ठरलं मग? अजून वेळ गेलेली नाही.’’ त्या दिवशी मी इतकी खचले होते की हो म्हणून टाकणार होते. कुणीतरी माणूस हे ओझं घेऊन जाईल, पैसे गेले तर जाऊ देत, असं वाटलं. मग आठवलं की त्याचंही पाकीट त्याच रांगेत पडणार. ‘‘हे नको म्हणतात,’’ मी म्हटलं आणि फोन ठेवला. नवरा समोर बसून ऐकत होता. उठून त्यानं चहा टाकला.

सांगलीला फोन केला की मुलगी झोपलेली असायची. वेळ बदलून केला तरी झोपलेली असायची. जाऊबाई सांगायच्या, बालवाडीत बाईंची लाडकी आहे, डबा संपवते, स्वच्छ बोलते, मोठ्यांशी कसं वागायचं ते न सांगता कळतं तिला. मी सगळं ऐकून घ्यायचे. त्या खोटं बोलत नव्हत्या आणि मला फोन त्यांच्या हातून ओढून घ्यावासा वाटायचा, सातासमुद्रापलीकडून.

ऑगस्टच्या शेवटी चेक आला. दोन्ही नावांचे पैसे एकत्र, वरती फक्त फुलाचं नाव. कुणाचा हिस्सा नाही, काही कापलेलं नाही. नवऱ्यानं तो दोनदा वाचला आणि पाकिटात परत ठेवला. मी जिन्यात जाऊन बसले आणि पदर नव्हता म्हणून जॅकेटच्या बाहीत तोंड खुपसून रडले. रक्कम बँकेत दिसली, कागद सांगलीला गेले. व्हिसासाठी मुंबईच्या खेपा जाऊबाईंनी घातल्या, मुलीचे फोटो काढले, सह्या घेतल्या. एकदाही कुरकुर केली नाही. फक्त शेवटच्या फोनवर त्या काहीच बोलल्या नाहीत; नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मग दिरांनी फोन घेतला.

ऑक्टोबरात एडिनबराच्या विमानतळावर ती मित्राच्या आईचं बोट धरून बाहेर आली. उंच झाली होती. अंगात जाऊबाईंनी विणलेला पिवळा स्वेटर. ‘‘फार शहाणी पोर आहे हो,’’ मित्राची आई म्हणाली, ‘‘सबंध प्रवासात रडली नाही.’’ मी खाली बसले, दोन्ही हात पसरले. ती थांबली. मित्राच्या आईकडं बघून तिनं विचार केला, मग पुढं आली आणि वाकून मला नमस्कार केला. मग तिच्या बाबाला केला.

ग्लासगोच्या बसमध्ये मी तिला मांडीवर घेतलं. ती अंग चोरून बसली, पाठ सरळ, हात मांडीवर. मी बिस्कीट दिलं तर तिनं थँक्यू म्हटलं आणि एक कण न सांडता खाल्लं. नवरा तिला बाहेरच्या मेंढ्या दाखवत होता, ती मान हलवत होती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला, तिनं फिरवू दिला. बराच वेळ गेला. मग माझ्याकडं तोंड करून, आपण वाईट दिसू नये याची काळजी घेत, हळूच तिनं विचारलं,

‘‘काकू, तुम्ही मला आईकडे कधी सोडणार?’’